सत्ताविसाव्या वर्षी ‘अल्पवयीन’ ठरलात? पासपोर्ट दाखवण्याआधी हे वाचा

प्रश्न : माझं वय २७. दाढी-मिशी फारशी नाही, त्यामुळे सगळे अजून कॉलेजातला समजतात. प्रौढांसाठीची एक साइट मी अधूनमधून बघतो. गेल्या महिन्यापासून ती वय तपासू लागली आहे. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला, दोनदा नापास झालो. आता ‘पासपोर्ट दाखवा किंवा सपोर्टला लिहा’ असं येतं. दुसऱ्या एका साइटवर ‘मोफत वयपडताळणी’ म्हणत कार्डाचा नंबर मागितला, तेव्हा घाबरून पानच बंद केलं. मित्र म्हणतो, व्हीपीएन लाव आणि विसर. पण मला भीती वेगळीच आहे. पासपोर्ट दिला आणि उद्या तो फुटला, तर माझ्या नावाशेजारी त्या साइटचंही नाव दिसेल. शिवाय माझा लॅपटॉप घरातला १३ वर्षांचा भाचाही वापरतो. हे कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून लिहिलं. (नाव छापू नये.)

उत्तर : आधी त्या नापास होण्याबद्दल. तुम्हाला कुणी खोटारडं ठरवलेलं नाही. चेहऱ्यावरून वय सांगणारी यंत्रणा तुम्हाला ओळखत नसते, ती फक्त अंदाज बांधते, आणि तो दोन-चार वर्षांनी इकडेतिकडे होतोच. अंदाज १८ आला म्हणून सोडून दिलं, तर सोळा-सतरा वर्षांची बरीच मुलंही आत जातील. म्हणून पास होण्याची रेषा मुद्दाम वर, बहुतेकदा पंचविशीच्या आसपास ठेवतात. तुमचं खरं वय २७. यंत्राला तुम्ही २२ चे वाटलात, तर १८ पूर्ण असूनही रेषेखाली राहता आणि कागद मागितला जातो. तरुण दिसण्याचा तोटा होणारी ही एक दुर्मीळ जागा. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये अशा सहा प्रणाली तपासल्या. फोटोचा दर्जा, वय, लिंग आणि व्यक्ती जगाच्या कोणत्या भागातली आहे यावर चूक कमी-जास्त होते असं त्यात दिसलं, आणि बायकांच्या चेहऱ्यांबाबत ती जवळजवळ नेहमीच जास्त होती.

यंत्रणेने आणखी संधी दिली तर एकदा नीट तयारीने बघा. खिडकीकडे तोंड करून बसा, उजेड पाठीमागून नको. चष्मा आणि टोपी काढा, कॅमेऱ्याची काच पुसा, फोन डोळ्यांच्या पातळीवर धरा. आणि ‘सुंदर दाखवणारं’ फिल्टर बंद करा. अनेक फोनमध्ये ते पुढच्या कॅमेऱ्याला आपोआप लागलेलं असतं, त्वचा गुळगुळीत करतं आणि वय सहज कमी दाखवतं. एवढं करूनही जमलं नाही तर हट्ट सोडा. पुन्हापुन्हा प्रयत्न केले की काही यंत्रणा काही तासांसाठी दारच बंद करतात.

तुम्ही कुठून लिहिता ते पत्रात नाही, पण हे पान दिसलं म्हणजे तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमचं ठिकाण दाखवणारा क्रमांक) अशा तपासणीचा कायदा असलेल्या देशातला किंवा राज्यातला असणार. अमेरिकेत सुरुवात लुइझियानाने केली, १ जानेवारी २०२३ पासून. एक तृतीयांशाहून जास्त मजकूर प्रौढांसाठीचा असेल तर तपासणी सक्तीची. मग इतर अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला, आणि टेक्सासचा कायदा २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून सक्ती आहे. न पाळणाऱ्याला ऑफकॉम ही नियामक संस्था १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढ्यापर्यंत दंड करू शकते. ‘मी १८ वर्षांचा आहे’ या बटणाला तिथे आता किंमत नाही. साइट अचानक कडक का झाली, याचं उत्तर त्या दंडाच्या आकड्यात आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्यासमोर दोन वाटा आहेत, पासपोर्ट दाखवा किंवा सपोर्टला लिहा. त्यातली दुसरी साधी, माणसाळलेली वाटते. तीच घेऊ नका.

कारण सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केलं की सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. हे फोटो आले कुठून, ते बघा. वयाच्या निकालाविरुद्ध दाद मागणाऱ्यांनी ते पाठवले होते, आणि ग्राहकसेवेचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे ते होते. म्हणजे नेमके तुमच्यासारखे लोक : यंत्राने लहान ठरवलं, मग माणसाला कागद पाठवला. स्वयंचलित तपासणीत निकाल लागला की फोटो पुसायची व्यवस्था असू शकते, निदान तसं वचन तरी असतं. सपोर्टचं तिकीट मात्र ईमेलसारखं असतं. त्याला जोडलेली फाइल तिकिटासोबत राहते, दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे जाते, तिची बॅकअपमध्ये प्रत निघते. तिकीट ‘बंद’ झालं तरी फाइल तिथेच. आणि त्याच तिकिटावर तुमचा ईमेल, खात्याचं नाव आणि साइटचं नाव असतं. नाव आणि साइट शेजारीशेजारी दिसण्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे, ती प्रत्यक्षात येण्याची सगळ्यात सोपी जागा हीच.

म्हणून ‘या साइटवर विश्वास ठेवू का’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. कोणाच्या हातात काय पडतं आणि ते तिथे किती दिवस राहतं, ते बघा. नीट बांधलेल्या व्यवस्थेत साइट तुम्हाला तपासणाऱ्या वेगळ्या कंपनीच्या पानावर पाठवते. ती कंपनी तुमचा कागद बघते आणि साइटला फक्त ‘हो, १८ पूर्ण’ असा शिक्का परत देते. साइटला नाव कळत नाही. पण तपासणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठून आलात ते बहुधा कळतं. ही फट बुजवायला फ्रान्सने ‘दुहेरी अनामिकता’ मागितली आहे : साइटला तुम्ही कोण ते कळू नये, आणि तपासणाऱ्याला तुम्ही कुठे निघालात ते कळू नये. तिथे प्रत्येक प्रौढ साइटला निदान एक तरी असा पर्याय द्यावा लागतो. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये दाखवलेलं वयपडताळणीचं ॲप याच विचाराचं आहे. पडद्यावर असा पर्याय दिसला तर पुढचं फार न वाचता तोच घ्या.

नसेल तर? तपासणीच्या पानावर ‘इतर पर्याय’ असा एक बारीक दुवा बहुतेकदा असतो, आणि पासपोर्टचं मोठं बटण बघून लोक तो चुकवतात. तुमच्या बाबतीत पहिली पसंती पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या ओळख-ॲपला. त्यात पासपोर्ट एकदाच एका कंपनीला दाखवायचा. पुढे प्रत्येक साइटला ॲप फक्त ‘१८ पूर्ण’ एवढंच सांगतं. योटी हे त्यातलं जुनं नाव; लुइझियानात सरकारमान्य एलए वॉलेट वापरतात. ॲपने परवानगी मागितली की पडद्यावर काय-काय पाठवलं जाणार त्याची यादी येते. तिथे नाव, जन्मतारीख किंवा फोटो दिसला तर रद्द करा. ‘१८ पूर्ण’ ही एकच ओळ हवी.

दुसरी पसंती क्रेडिट कार्ड, पण फक्त तुमच्या एकट्याच्या नावावरचं. इथे बँक तुमची जन्मतारीख सांगत नाही. क्रेडिट कार्ड सज्ञान माणसालाच मिळतं, यावर ती तपासणी उभी आहे. डेबिट कार्ड लहान मुलांनाही मिळतं, म्हणून ब्रिटनमध्ये ते वयाचा पुरावा म्हणून चालत नाही. रक्कम शून्य किंवा अगदी किरकोळ असते आणि ती परत सुटते. मात्र कार्डाच्या नोंदीत तपासणाऱ्या कंपनीचं नाव उमटू शकतं. हिशेब घरात दुसरं कुणी बघत असेल तर ते आधी लक्षात घ्या.

मोबाइल नंबरची तपासणी काही देशांतच चालते, जिथे मोबाइल कंपन्या प्रौढ मजकूर मुळातच अडवून ठेवतात आणि सज्ञान ग्राहकाने सांगितल्यावर उघडतात. तपासणारा कंपनीला एवढंच विचारतो, की या नंबरावरची अडवणूक काढलेली आहे का. सिम वडिलांच्या नावावर असेल किंवा अडवणूक कधी काढलीच नसेल, तर चाळिशीचा माणूसही इथे नापास होतो. ईमेलवरून वय ठरवणारी पद्धतही आहे : तुमचा पत्ता याआधी बँक, वीजबिल अशा कुठल्या सेवांसाठी वापरला गेला ते ती धुंडाळते. त्यासाठी तुमचा जुना, खरा, सगळीकडे दिलेला ईमेल द्यावा लागतो, आणि तुम्हाला जे टाळायचं आहे तेच त्यातून होतं. ती सोडा.

शेवटी पासपोर्टच द्यावा लागला, तर असा द्या. साइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा. ईमेलमधला किंवा जाहिरातीतला दुवा नको. पान बदललं की वरच्या पट्टीत तपासणाऱ्या कंपनीचा पत्ता वाचा आणि तिचं गोपनीयता धोरण दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. सगळं वाचायची गरज नाही, तीन गोष्टी शोधा. फोटो किती वेळ ठेवतात : निकालानंतर लगेच पुसतात, की ‘आवश्यक तेवढा काळ’ असं मोघम लिहिलं आहे? फोटो त्यांच्या यंत्रणेला शिकवण्यासाठी वापरतात का? तसं असेल तर मान्यतेची खूण काढता येते का? आणि साइटला नेमकं काय कळवतात? यातलं पहिलंच उत्तर सापडलं नाही, तर पर्याय बदला.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू नका. कोणत्या साइटवर गेलात हे ऑफिसच्या यंत्रणेत नोंदलं जातं, पान पुढे उघडलं की नाही याने फरक पडत नाही.

लॅपटॉपवर क्यूआर आला की तो फोनने वाचून फोटो फोनवरून थेट तपासणीच्या पानातच काढा. आधी गॅलरीत काढून मग चढवला तर त्याची प्रत तुमच्या क्लाउडमध्ये जाऊन बसते, आणि ती कुणी पुसत नाही. पासपोर्ट गडद, एकरंगी टेबलावर सपाट ठेवा, चारही कोपरे आणि खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळी चौकटीत येऊ द्या. फ्लॅश बंद; वरच्या चकचकीत थराची तिरीप जन्मतारखेवर आली की नकार ठरलेला. काही ॲप पुढे पासपोर्टमधली चिप वाचतात. ती उघडण्याची किल्ली पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांतून तयार होते, म्हणून आधी त्या दोन ओळी स्वच्छ वाचल्या जाव्या लागतात. चिप वाचताना फोनचं जाड कव्हर काढा, एनएफसी (जवळची चिप वाचणारी फोनमधली सोय) चालू आहे ना बघा, आणि फोन पासपोर्टला टेकवून काही सेकंद हलवू नका. लोक इथेच घाई करतात.

मग सेल्फी. पासपोर्टवरचा फोटो अठराव्या वर्षाचा आणि तुम्ही आता २७, तर जुळणी अडखळू शकते. तेव्हा पासपोर्टच्या फोटोसारखंच बसा : चष्मा नाही, केस कपाळावरून मागे, चेहऱ्यावर भाव नाहीत. काम झालं की ब्राउझरला दिलेली कॅमेऱ्याची परवानगी काढून घ्या आणि पडद्यावर आलेला व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

दुसऱ्या साइटवर पान बंद केलंत ते बरोबर केलंत. वर सांगितलेली कार्डाची खरी तपासणी आणि ही ‘मोफत पडताळणी’ दिसायला सारखी असते, फसवणूक त्यावरच चालते. खऱ्या तपासणीत तपासणाऱ्या कंपनीचं नाव असतं, वय सिद्ध करायच्या इतर वाटा असतात, आणि कार्ड हा अनेकांतला एक पर्याय असतो. खोट्या पानावर कार्ड हा एकच मार्ग, आणि तळाशी फिकट अक्षरांत दरमहा वर्गणीची अट. चाचणीचे दोन-तीन दिवस संपले की पैसे कापायला सुरुवात होते. लाजेपोटी माणूस बँकेत तक्रार करणार नाही, या हिशेबावर हा धंदा चालतो. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत विंडोज आणि आर ही बटणं दाबून काही चिकटवायला सांगितलं, तर तो तुमच्याच हातून व्हायरस चालवण्याचा प्रकार आहे. ब्राउझरबाहेरचं काहीही चालवायला कुठलीच खरी वयपडताळणी सांगत नाही. ईमेलचा पासवर्ड मागणं, टेलिग्रामवर ओळखपत्र पाठवायला सांगणं, अनोळखी ठिकाणाहून ॲपची फाइल उतरवायला लावणं, यांतलं काही दिसलं की बाहेर पडा.

आता मित्राचा व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा. तो वापरणं अनेक देशांत बेकायदा नाही आणि त्याने पान दिसेलही. पण तुमची भीती त्याने कमी होत नाही, नुसती जागा बदलते. एरवी कोणत्या साइटवर जाता हे इंटरनेट कंपनीला दिसतं. आता ते व्हीपीएनवाल्याला दिसेल. पैसे देऊन घेतलेला, बाहेरच्या तपासनिसांकडून तपासून घेणारा व्हीपीएन असेल तर एक वेळ ठीक. फुकटातला मात्र तुमच्याच माहितीवर पोट भरत असण्याची शक्यता मोठी. तसा लावून प्रौढ साइट बघणं म्हणजे ज्या यादीत नाव यायला नको, ती अनोळखी माणसाला स्वतः लिहून देणं. आणि वय न विचारणाऱ्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या साइटकडे वळावंसं वाटलं तर एवढं लक्षात घ्या : जी साइट बघणाऱ्याचं वय विचारायचा कायदा पाळत नाही, ती चित्रफितीतल्या माणसांचं वय आणि संमती तपासत असेल, असं धरून चालू नका.

पासपोर्ट दिलाच असेल, तर आठवड्याभराने तपासणाऱ्या कंपनीला (साइटला नव्हे) एक छोटा ईमेल करा : ‘अमुक तारखेला अमुक क्रमांकाची वयपडताळणी झाली. माझ्याविषयीची कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते कळवा, आणि चेहऱ्याचा व ओळखपत्राचा फोटो पुसून तसं लेखी सांगा.’ क्रमांक यासाठीच जपायला सांगितला. तो नसला तर ओळख पटवायला ते पुन्हा ओळखपत्र मागतात आणि गाडी मूळ पदावर येते. युरोपात आणि ब्रिटनमध्ये अशा विनंतीला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर तिथल्या माहिती संरक्षण नियामकाकडे फुकट तक्रार करता येते. ‘पुसतो’ म्हणणं आणि पुसणं यांत अंतर असू शकतं, हेही खरं. ॲशली मॅडिसन ही विवाहबाह्य भेटींची साइट माहिती कायमची पुसायचे १९ डॉलर घेत असे. २०१५ मध्ये तिथली माहिती फुटली, तेव्हा पैसे भरलेल्यांची नावंही त्यात निघाली. म्हणूनच पुसायला सांगण्यापेक्षा मुळात कमी देणं बरं.

‘तुमचा व्हिडिओ आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ असा ईमेल कधी आला आणि त्यात तुमचा एखादा जुना पासवर्ड दिसला, तरी पैसे देऊ नका. असे पासवर्ड जुन्या फुटलेल्या याद्यांतून उचललेले असतात आणि तोच मजकूर लाखोंना जातो. तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर तेवढा बदला.

भाच्याचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण घाई त्याचीच आहे. तुम्ही एकदा पास झालात की ‘१८ पूर्ण’चा शिक्का कुकीच्या (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या) रूपात त्या ब्राउझरमध्ये राहतो, काही ठिकाणी काही तास, काही ठिकाणी कित्येक दिवस. त्या काळात लॅपटॉपवर बसणारा कुणीही, पुन्हा काही न विचारता, तुमच्या वयाने आत जातो. खाजगी खिडकीत बघितलंत तर शिक्का खिडकीबरोबर जातो, पण मग दर वेळी नव्याने तपासणी आणि दर वेळी नव्याने फोटो. त्यापेक्षा लॅपटॉपवर भाच्यासाठी वेगळं खातं उघडा. ब्राउझरमधलं वेगळं प्रोफाइल पुरत नाही, ते एका क्लिकवर बदलतं. विंडोजचं किंवा मॅकचं पूर्ण वेगळं खातं हवं, आणि तुमच्या खात्याला त्याला माहीत नसलेला पासवर्ड. त्याचं खातं मुलासाठीचं म्हणून नोंदवा. विंडोजमध्ये त्यासाठी मायक्रोसॉफ्टची कुटुंबासाठीची सोय आहे, पण तिची चाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते, म्हणून ती चालू केली की इतर ब्राउझर अडवले जातात. भाचा ‘क्रोम चालत नाही’ अशी तक्रार घेऊन आला तर ती बिघडलेली गोष्ट नाही. राउटरवर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा डीएनएसचा, म्हणजे साइटची नावं शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता (टाकताना इंग्रजी आकड्यांत) घातला तरी प्रौढ साइट अडतात, पण मग त्या सगळ्या घराला अडतात, तुम्हालाही. आणि ब्राउझरमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ चालू असेल तर राउटरची ही चाळणी सरळ ओलांडली जाते.

खातं आज रात्रीच वेगळं करा, पासपोर्टचं शनिवार-रविवारी निवांत बघा. आणि मध्येच त्या सपोर्टकडून ‘फक्त ओळखपत्राचा फोटो या ईमेलला उत्तर म्हणून पाठवा’ असं आलं, तर उत्तर देऊ नका.